सपाता घातलेली बाबागाडी

येत्या शुक्रवारी सकाळी दहा ते संध्याकाळी चार आपण झेन्झीला घेऊन बाहेर जाणार आणि त्या सहा तासांत बायकोने, बुर्गीने, फक्त झोपायचं, असं गेर्विन हाझलिंगरने स्वयंपाकघरात जाहीर केलं. बुर्गी तेव्हा भांडी विसळता विसळता उभ्यानेच झोपलेली असल्यामुळे तो जाहीरनामा फक्त तिच्या आईने, म्हणजे त्याच्या सासूबाईंनी ऐकला.

"सहा तास?" सासूबाई म्हणाल्या. "तू? एकटा?"

"एकटा कसा? झेन्झी आहे की."

"तेच म्हणतेय मी."

झेन्झी सात महिन्यांची होती. या सात महिन्यांत बुर्गीला सलग मिळालेली सर्वांत मोठी झोप पावणेदोन तासांची होती. गेर्विन जमीनमोजणी खात्यात असल्यामुळे त्याने तिच्या झोपेचा आलेख काढून ठेवला होता, आणि तो आलेख पाहून त्याच्या हाताखालच्या कारकुनाने विचारलं होतं, "साहेब, ही कुठली दरी?" मंगळवारी तर कहर झाला. पोस्टमन पाकीट द्यायला आला. बुर्गीने पाकीट घेतलं, मग त्याला खांद्याशी धरून त्याची पाठ थोपटली आणि ढेकर येईपर्यंत सोडलं नाही. पोस्टमन भला माणूस. त्याने प्रयत्न करून ढेकर दिला. पण गेर्विन दारामागून हे पाहत होता. ही बाई एक दिवस नीट झोपली नाही तर उद्या झेन्झीवर तिकीट चिकटवून तिला पेटीत टाकेल, असं त्याला वाटलं, आणि त्याने शुक्रवार पक्का केला.

"बाराच्या आत तुझा फोन येणार," सासूबाई म्हणाल्या. "'बुर्गी, हिची पांढरी टोपी कुठंय गं?' लिहून ठेव."

"फोन येणार नाही. मी करणार नाही आणि कुणाचा आला तर घेणारही नाही."

"बरं बरं, ओबररेव्हिडेंट साहेब."

ही पदवी गेर्विनला मार्चमध्येच मिळाली होती. खात्यात तो तिचा उच्चार अदबीने करत असे. सासूबाई मात्र ती एखाद्या फुगलेल्या पावाचं नाव घ्यावं तशी घ्यायच्या.

आता जायचं कुठं, हा प्रश्न. तो गेर्विनने चुकून जिन्यात मोठ्याने विचारला, आणि खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. तिथे फ्राउ मागिस्टर राहतात. मागिस्टर होते ते त्यांचे यजमान, औषधवाले. ते वारले, पण पदवी इतर फर्निचरबरोबर घरातच राहिली.

"तळ्यावर नेऊ नका," फ्राउ मागिस्टर म्हणाल्या. "कानात वारं जातं. डोंगरावर नेऊ नका, कानातलं वारं बाहेर येतं. प्राणिसंग्रहालयात तर मुळीच नको. माझ्या भाचीचा मुलगा तिथून आला तो आजतागायत टर्कीसारखा हसतो. वकील आहे आता."

"मग न्यायचं कुठं?"

"जिथे पुस्तकं आहेत तिथं. पुस्तकांची हवा कोरडी असते. आणि बुर्गीची काळजी करू नका, मी मधूनमधून वर जाऊन बघीन तिला झोप लागलीय की नाही."

या शेवटच्या वाक्याकडे गेर्विनने लक्ष द्यायला हवं होतं. पण 'पुस्तकं' हा शब्द ऐकताच त्याच्या मनात आहोर्नझेलचा मठ उभा राहिला होता. चौथीत असताना त्याच्या वर्गाची सहल तिथे गेली होती आणि त्याच दिवशी त्याला गालगुंड झालं होतं. सगळी मुलं परत येऊन सांगत होती, तिथल्या ग्रंथालयात नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, भल्यामोठ्या सपाता देतात, बुटांवरून चढवायच्या, आणि मग त्या लाकडी जमिनीवरून नुसतं घसरत जायचं. गेर्विन सुजलेल्या गालांनी ऐकत राहिला. या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. त्यांच्या श्टायर गावाहून आहोर्नझेल बसने चाळीस मिनिटांवर. पण चाळीस मिनिटांवरच्या जागी माणूस सहसा जातच नाही. जायचं तर व्हेनिसला जातो आणि तिथून आजारी पडून येतो.

शुक्रवारी दहाला तो निघाला. बरोबर बाबागाडी, झेन्झी, सात लंगोट, गाजराच्या लगद्याची बरणी, दोन खुळखुळे आणि सासूबाईंचं एक लांबलचक बघणं. बुर्गी पलंगावर आडवी होऊन छताकडे पाहत होती. "जा तुम्ही," ती म्हणाली, "मी झोपते." हे तिने एखादं अवघड गणित करायला घेतल्याच्या आवाजात म्हटलं.

बसच्या ड्रायव्हरला गेर्विनने उतरताना विचारलं, "परतीची किती वाजता?"

"तीनच्या घंटेला."

"म्हणजे तीन वाजता."

"तीनच्या घंटेला," ड्रायव्हरने पुन्हा सांगितलं, जसं मंदबुद्धी प्रवाशाला सांगतात तसं.

त्याचं असं आहे की आहोर्नझेलच्या मनोऱ्यावरच्या घड्याळावर वीज पडली त्याला एकोणीस वर्षं झाली. दुरुस्तीचा अर्ज तीन खात्यांत फिरतोय. तोपर्यंत मठातला एक ब्रदर रोज फक्त बाराला आणि तीनला खालून दोरी ओढून घंटा देतो आणि अख्खं गाव तिच्यावर चालतं. खानावळीचा भटारखाना तीनच्या घंटेला बंद होतो, बस तीनच्या घंटेला सुटते, आणि गावातल्या लोकांच्या मनगटावरची घड्याळं ही निव्वळ शोभेची वस्तू आहे.

मठाच्या दाराशी पोचल्यावर झेन्झी जागी झाली. चाकं फिरत असताना झोपायचं आणि थांबली की उठायचं, हा तिचा शिरस्ता. ती थंडीने आक्रसलेली पाहून गेर्विनने पिशवीत हात घातला. पांढरी टोपी नव्हती. त्याने पिशवी उलटी केली. खरोखर नव्हती. घड्याळात पावणेबारा झाले होते. आणि नेमका तेव्हाच खिशात फोन थरथरला. सासूबाई.

'टपून बसल्यात,' गेर्विनच्या मनात आलं. 'मी करत नाही म्हणून स्वतः करतायत.' त्याने मान ताठ केली आणि फोन तसाच थरथरू दिला. फोन थांबला. पुन्हा थरथरला. टोपीसाठी इतका हट्ट एखादी बाई कसा काय करू शकते, याचं त्याला नवल वाटलं.

तिकिटाच्या खिडकीत ब्रदर कोलोमान बसले होते. सडपातळ, साठीचे, नाकावर चष्मा, आणि चेहऱ्यावर मागचा संपूर्ण आठवडा बरोबर नोंदवून ठेवल्याचं समाधान.

"एक तिकीट," गेर्विन म्हणाला. "सहा वर्षांखालच्यांना मोफत ना?"

"मोफत. पण ही गाडी आत येणार?"

"यावी लागेल. ही फक्त हलती असतानाच झोपते."

"ग्रंथालयाची जमीन सतराशे बेचाळीसची आहे. तिच्यावर चाक चालत नाही. आमचे एक मठाधिपती चाकाच्या खुर्चीत होते, त्यांनासुद्धा पाठंगुळीला घेतलं होतं. तरी पण निर्णय माझ्याकडे नाही. मी तिकिटं देतो. ग्रंथालय-प्रमुखांना विचारावं लागेल."

"विचारा ना, प्लीज."

ब्रदर कोलोमान उठले, खिडकी लावली आणि मागच्या खोलीत गेले. चारपाच मिनिटं गेली. मग शेजारचं दार उघडलं आणि त्यातून ब्रदर कोलोमानच बाहेर आले. या वेळी चष्मा कपाळावर होता.

"मी ग्रंथालय-प्रमुख. आपण गाडीबद्दल विचारलंत. जमणार नाही."

गेर्विन स्वतः सरकारी नोकर होता, त्यामुळे तो हसला नाही. मठात एके काळी ऐंशी साधू होते, आता नऊ उरलेत. कामं मात्र ऐंशी जणांचीच आहेत. एक माणूस दहा खुर्च्यांवर बसला म्हणून खुर्च्या काही एक होत नाहीत, हे गेर्विनला खात्यातल्या अनुभवाने ठाऊक होतं.

"पण नियम काय सांगतो?" त्याने खात्यातल्या आवाजात विचारलं. "चाक चालत नाही, की बिनसपातीचं काही चालत नाही?"

ब्रदर कोलोमान चमकले. चष्मा कपाळावरून नाकावर आला, पुन्हा वर गेला. "नियम म्हणतो, 'जमिनीस जे जे टेकेल त्यास सपात असावी.'"

"मग चाकांना सपाता घालू."

"चार?"

"चार."

"चार सपाता म्हणजे दोन जोड्या, म्हणजे दोन माणसं. गाडीची दोन तिकिटं पडतील. पण ते तिकीटवाल्यांना विचारा." आणि ग्रंथालय-प्रमुख आत गेले, तिकीटवाल्यांशी बराच वेळ बोलणं झालं असावं, कारण मधेच त्यांना घंटा-प्रमुख म्हणून बाराची घंटा देऊन यावं लागलं. शेवटी खिडकी उघडली. गाडीला दोन पूर्ण तिकिटं मिळाली.

सपातांच्या खोलीत ब्रदर कोलोमान आधीच हजर होते आणि टोपल्यांतल्या सपाता पुन्हापुन्हा मोजत होते.

"चाळीस जोड्या," ते गेर्विनकडे संशयाने बघत म्हणाले. "सकाळी चाळीस होत्या. आता एकोणचाळीस. आपण आत्ताच आलात ना?"

"माझ्याकडे पाहू नका. मी अजून एकही घेतलेली नाही."

"घेणारे सगळे असंच म्हणतात."

या दरम्यान फ्रायश्टाटच्या निवृत्तांच्या मंडळाची बावीस माणसं आत आली. त्यांचा खेळ लाकडी गोळा घरंगळवून नऊ खुंट्या पाडण्याचा. त्यामुळे जे काही घरंगळतं त्याबद्दल त्यांना मत असे. गेर्विनने गुडघ्यांवर बसून बाबागाडीच्या चाकांना सुतळीने सपाता बांधायला घेतल्या, तशी सगळी भोवती गोळा झाली.

"मागच्या घट्ट बांधा, पुढच्या सैल," त्यांचे म्होरके, हेर डिरेक्टर प्रुक्नर म्हणाले. ते मुख्याध्यापक होते आणि अजूनही होते. "नाहीतर डावीकडे ओढेल."

"अहो, पण लेकराच्या डोक्याला काही नाही!" फ्राउ व्हिमर नावाच्या ठेंगण्या बाई ओरडल्या. "टोपी कुठंय हिची?"

गेर्विनचे कान लाल झाले. "टोपी... टोपीची सोय करतोय मी," तो म्हणाला आणि सोय म्हणून त्याने टोपलीतली सर्वांत लहान सपात उचलून झेन्झीच्या डोक्यावर ठेवली. ती अगदी बरोबर बसली. करडा नमदा, पुढे निमुळतं टोक, कानांवरून खाली आलेली बाजू. झेन्झी तिच्यात एखाद्या फार जुन्या दर्यावर्दीसारखी दिसायला लागली.

ब्रदर कोलोमाननी चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला. "सपाता सहा वर्षांखालच्यांना मोफत आहेत," ते सावकाश म्हणाले. "पण पायात. डोक्याबद्दल नियम नाही. नाही म्हणजे मनाईही नाही. मात्र सपात एकटी देता येत नाही. दुसरी आपण खिशात ठेवायची."

अशा रीतीने गेर्विन हाझलिंगर, जमीनमोजणी खात्याचा ओबररेव्हिडेंट, आठ सपातांचा धनी होऊन दीड वाजता ग्रंथालयात शिरला. खिशात फोन चौदाव्यांदा थरथरत होता.

"कुणीतरी सारखं करतंय वाटतं?" डिरेक्टर प्रुक्नरनी विचारलं.

"सासूबाई. टोपीसाठी."

"घेऊ नका," मंडळातले तीन पुरुष एकदम म्हणाले.

आत आल्यावर गेर्विन सगळं विसरला. सव्वीस वर्षं गालगुंडाच्या पलीकडे राहिलेली ती जागा आता त्याच्या पायांखाली होती, मेणाने घासून मधासारखी झालेली. दोन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं. खरे खांब कुठले आणि रंगवलेले कुठले ते हात लावल्याशिवाय कळू नये. आणि वर, अख्ख्या छतावर, ढगांतून डोकावणारे, लोळणारे, पाय झाडणारे, एकमेकांच्या कानात पिपाण्या फुंकणारे गुबगुबीत बालदेवदूत. झेन्झी उताणी पडून त्यांच्याकडे बघत होती. ते झेन्झीकडे बघत होते.

गेर्विनने गाडी हळूहळू ढकलत, सवयीने, तासभर ते मोजले. एकशे अठरा बाळं, आणि त्यातलं एकही झोपलेलं नव्हतं. सतराशे बेचाळीसपासून एकानेही डोळा मिटलेला नाही! त्याने त्यांच्या आया शोधल्या. त्या चित्रात कुठेच नव्हत्या. कुठेतरी ढगांच्या मागे भांडी विसळता विसळता उभ्यानेच झोपल्या असतील, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला एकाएकी बुर्गीची इतकी आठवण आली की त्याने डोळे पुसायला गाडीच्या दांड्यावरचा एक हात काढला.

एकच हात. पण चार सपाता, तीनशे वर्षांचं मेण आणि मधे जमिनीला असलेला एक बारीकसा उतार. हा उतार पुढे गेर्विनने खात्याच्या भाषेत 'दर मीटरला चार मिलिमीटर' असा सांगितला. गाडी निघाली. आवाज बिलकुल नाही. मोठी बदकीण पाण्यात उतरावी तशी ती संथपणे पुढे गेली, आणि मग संथपणा सोडून गेली.

"धरा!" फ्राउ व्हिमर ओरडल्या.

"धरू नका, वाट सोडा!" डिरेक्टर प्रुक्नर ओरडले. "डावीकडे ओढतेय! मी म्हटलं होतं!"

गेर्विन धावला. पण नमद्याच्या सपाता घालून धावता येत नाही, जागच्या जागी धावण्याचा भास होतो फक्त. तो पडला आणि पोटावर घसरत निघाला. त्याच्यामागे ब्रदर कोलोमान दोन्ही हात पसरून, झगा फुलवून, एका पायावर. त्यांच्यामागे बावीस निवृत्त, ज्यांनी आयुष्यभर गोळे घरंगळवले होते आणि आता स्वतः घरंगळत होते. गाडीतून मात्र एक नवाच आवाज येत होता. झेन्झी हसत होती. सात महिन्यांत पहिल्यांदा ती असं पोटातून, खदाखदा हसत होती.

समोर पुस्तकांची भिंत होती. "अरे देवा," गेर्विन जमिनीवरून म्हणाला. गाडी थेट चर्चच्या इतिहासाच्या चौदा खंडांवर गेली आणि चौदा खंड दरवाजासारखे उघडले. कारण तो दरवाजाच होता. पुस्तकांच्या पाठी नुसत्या चितारलेल्या होत्या. आता ग्रंथालयात रंगवलेले खांब आहेत म्हटल्यावर रंगवलेली पुस्तकंही असणार, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं. गाडी आत गेली, दार हलकेच मिटलं.

"ती साधूंची वाट आहे!" ब्रदर कोलोमान भिंतीला धडकत म्हणाले. "प्रार्थनेच्या जागी जाते. तिथे पाहुण्यांना मज्जाव! तिथलं तिकीटच नाही!"

पण तोवर सगळी वरात त्या दारातून घसरत पलीकडे गेली होती. बोळ संपला तिथे प्रार्थनेची जागा होती, भिंतींना लागून कोरीव लाकडी आसनांच्या दोन रांगा. बाबागाडी शेवटच्या आसनाला अलगद टेकून उभी होती. आत झेन्झी, सपात एका डोळ्यावर आलेली, तोंड उघडं, आनंदाने थक्क.

आणि त्या आसनात, पाय पोटाशी घेऊन, गाल हातावर टेकून, बुर्गी झोपलेली होती.

गेर्विन गुडघ्यांवर उठला. ती इथे कशी, हे त्याला कळेना. पण ती झोपली होती यात शंका नव्हती. तिचं तोंड थोडं उघडं होतं आणि खालचा ओठ श्वासाबरोबर थरथरत होता, अगदी झेन्झीचा थरथरतो तसा. सात महिन्यांत त्याने तिला असं पाहिलंच नव्हतं. हे पावणेदोन तासवालं झोपणं नव्हतं. ही समुद्राच्या तळाशी गेलेली बाई होती.

फोन थरथरला. या वेळी त्याने तो काढून पाहिला. सासूबाईंचे सतरा निरोप होते. पहिला: 'बुर्गी घरात नाही.' दुसरा: 'मी फक्त झोप लागली का एवढं विचारायला गेले होते. दोनदाच.' चौथा: 'फ्राउ मागिस्टर म्हणतात त्यापण दोनदाच गेल्या. तिसऱ्या मजल्यावरची एकदाच.' नववा: 'पोस्टमन म्हणतो ती बसमध्ये चढताना दिसली. त्याने तिला विचारलं झोप झाली का, तर ती रडली.' सतरावा: 'टोपी सापडली. माझ्या पिशवीत होती.'

गेर्विनने फोन बंद केला.

"बाराच्या प्रार्थनेला आल्या असतील," ब्रदर कोलोमान कुजबुजले. "तेव्हा पाहुण्यांना आसनात बसता येतं. तिकिटाच्या दिवशी मला प्रार्थना माफ असते, घंटा देऊन मी लगेच खिडकीकडे गेलो, म्हणून पाहिलं नाही. स्तोत्रं एकाच सुरात असतात. आमचेही निम्मे झोपतात." मग त्यांचा आवाज बदलला. "चाळिसावी जोडी!"

बुर्गीच्या गालाखाली हात होता, आणि हाताखाली नमद्याच्या दोन सपाता, एकावर एक, नीट जुळवून ठेवलेल्या. शेजारच्या आसनावर चिठ्ठी होती. ब्रदर कोलोमाननी ती वाचली आणि गेर्विनला दाखवली. मठाधिपतींचं अक्षर. 'उठवू नये.'

"पण सपाता न विचारता," ब्रदर कोलोमान पुटपुटले, "नोंद न करता..."

इतक्यात झेन्झीला आई दिसली.

आपल्या मुलाचं तोंड रडण्यासाठी कसं उघडतं हे प्रत्येक बापाला माहीत असतं. आधी खालचा ओठ पुढे येतो, मग हनुवटीला खळ्या पडतात, मग छाती भरते. झेन्झीची छाती भरली. चोवीस माणसांनी श्वास रोखले. तेवढ्यात फ्राउ व्हिमर पुढे झाल्या, त्यांनी गाडीचा दांडा धरला आणि तिला नुसती ढकलली. चार सपातांवर गाडी दगडी जमिनीवरून गेली. पलीकडे डिरेक्टर प्रुक्नरनी ती अडवली आणि वळवून परत पाठवली. पुन्हा इकडून तिकडे. आयुष्यभर गोळा सरळ रेषेत टाकायला शिकलेली माणसं ती! एकदाही गाडी कुठे टेकली नाही. झेन्झीने भरलेली छाती हळूहळू सोडली. सातव्या फेरीला तिचे डोळे मिटले.

"हात असा ठेवा," डिरेक्टर प्रुक्नर कुजबुजले. "मनगटातून. तुम्ही फार जोर लावता, व्हिमरबाई."

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय मी तुमच्याकडून."

ब्रदर कोलोमाननी झग्यातून घड्याळ काढलं. चेहरा पांढरा पडला. "तीनला दोन मिनिटं."

दोरी तिथेच होती. बुर्गीच्या आसनाच्या मागच्या कोपऱ्यात, छतातल्या भोकातून लोंबणारी. वरची घंटा अडीच हजार किलोची आहे.

"ब्रदर," गेर्विन म्हणाला. त्याने खिशातून हात काढून जोडले, आतली एकटी सपात हातात आली ती जोडलेल्या हातांत तशीच राहिली. "मी हिला शब्द दिलाय. चारपर्यंत."

"एकोणीस वर्षांत मी एकदाही चुकलो नाही! बस कशी सुटेल? भटारखाना कसा बंद होईल?"

"एकच तास."

"निर्णय माझ्याकडे नाही," ब्रदर कोलोमान म्हणाले. "घंटा-प्रमुखांना विचारावं लागेल." आणि ते खांबामागे गेले.

सगळे वाट पाहत राहिले. गाडी जात होती, येत होती. खांबामागून एकदा सुस्कारा ऐकू आला. मग चष्मा हातात घेऊन ब्रदर कोलोमान बाहेर आले.

"घंटा-प्रमुखांची हरकत नाही," ते म्हणाले. "त्यांच्या आईला नऊ मुलं होती. ग्रंथालय-प्रमुखांना मात्र सपाता परत हव्यात." ते पुन्हा खांबामागे गेले. या वेळी जास्त वेळ लागला. परत आले तेव्हा त्यांनी झग्यातून वही काढली, उभ्यानेच काहीतरी लिहिलं, वाळू दिलं आणि गेर्विनसमोर धरलं. 'जोड्या चाळीस. पैकी एक उशी म्हणून वापरात.'

तीन वाजले नाहीत.

खाली गावात थोडा वेळ कुणाच्या लक्षात आलं नाही. मग खानावळीतल्या लोकांना कळलं की भटारखाना उघडाच आहे, आणि त्यांनी पुन्हा खसखशीचा श्ट्रूडेल मागवला. बसमध्ये माणसं भरून बसली, पण ड्रायव्हर जागचा हलेना. कुणी म्हणालं, साडेतीन झाले. "माझ्यात नाही झाले," ड्रायव्हर म्हणाला. शेवटी ब्रदर कोलोमान गेले की काय, हे पाहायला तो वर आला. दारात त्याने आतलं दृश्य पाहिलं, बूट काढले आणि मोज्यांवर येऊन बसला. त्याच्यामागे बसमधली माणसं आली, मग भटारी हात पुसत आला, मग पीठ लागलेला पाववाला. सपाता द्यायला बाहेर कुणी नव्हतंच, सगळे मोज्यांवरच. ज्याला कुणी बोट ओठांवर ठेवून खूण केली तो पुढच्याला तीच खूण करत होता. फक्त नमदा घासल्याचा आवाज, इकडून तिकडे, तिकडून इकडे. गाडी आता ड्रायव्हर ढकलत होता. त्याला डिरेक्टर प्रुक्नर मनगट शिकवत होते.

गेर्विनच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा बुर्गीने डोळे उघडले.

तिने समोर पाहिलं. कोरीव आसनांत पन्नासेक माणसं, निम्मी नमद्यात, निम्मी मोज्यांत, सगळी तिच्याकडे बघतायत. मधून सपाता घातलेली बाबागाडी निःशब्द चाललीय. सात महिने न झोपलेल्या बाईला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

"गेर्विन," ती म्हणाली. "हिला टोपी घातलीस?"

"घातली," गेर्विन म्हणाला.

"किती वाजले?"

गेर्विनने ब्रदर कोलोमानकडे पाहिलं. सगळ्या गावाने ब्रदर कोलोमानकडे पाहिलं. साधूला खोटं बोलता येत नाही. ब्रदर कोलोमान उठून उभे राहिले, त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "अजून तीन वाजायचेत, बाई."

"मग झोपते थोडी," बुर्गी म्हणाली, आणि तिने सपातांवर गाल टेकला.

ब्रदर कोलोमान कोपऱ्यात गेले, त्यांनी लोंबती दोरी गोळा करून तिची चुंबळ केली, आणि उगाच कुणाचा धक्का लागून आहोर्नझेलला तीन वाजू नयेत म्हणून तिच्यावर बसून राहिले.